कमानपाटा

मुनीरभाईच्या भंगारात हा तुकडा सापडला.
गारगोटी आगाराच्या मोडीत निघालेल्या गाडीचा
कमानपाटा, पावणेदोन किलो.
फोंड्याच्या वळणांवर किती माणसं,
कोंबड्यांच्या किती पाट्या
याच्या पाठीवरून गेल्या असतील
त्याची नोंद कुठल्याच उताऱ्यावर नाही.

उताऱ्यांचंच काम आहे माझं.
मोजणी कार्यालयात पाच दिवस
भावाभावांमधली रेघ ओढतो,
आणि रविवारी कसबा बावड्यात, घरामागच्या बोळात
ब्रेकड्रमच्या भट्टीला
बायकोचा हेअर ड्रायर लावून बसतो.
(तो जळाला. आता तिच्यासाठी एक, भट्टीसाठी एक.)

ऐरण म्हणजे रुळाचा हातभर तुकडा.
दोरीला टांगलेलं लोहचुंबक:
लाल पोलाद त्याला ओळखेनासं झालं
की समजायचं, वेळ झाली.
डब्यात शेंगतेल. पातं बुडवलं
की बोळभर भज्यांचा वास
आणि खिडकीतून हिंदुराव,
"काय तळायलाय ओ, सायेब?"

पहिल्या सुरीचा आवाज अजून कानात आहे.
टिंग.
एवढाच. बांगडी वाढवावी तसा.
पात्यावर केसाएवढी रेघ उमटली,
माझ्या नकाशातली एकही
इतकी वादातीत नव्हती.
दुसरी वाकली.
तिसरी अशी कडक की कानस घसरावी,
ती संध्याकाळी हातातून फरशीवर पडली
आणि तिचे दोन तुकडे झाले.

ते तुकडे रुमालात बांधून
शिये फाट्यावर गेलो.
तिथं ऊसतोडीच्या हंगामात
कोंडाबाई साळुंखेचं पाल असतं.
नवरा सांडशीत धरतो, घण ती मारते.
आपल्या भाषेनं या लोकांच्या नावावर
घिसाडघाई हा शब्द चढवून ठेवलाय.
मी तासभर उभा होतो,
तिचा एकही घाव घाईचा नव्हता.

तिनं मोडलेली कड उन्हात धरली.
"लई तापीवलंस. खडीसाखर झालीया बग आतनं."
खरंच, दाणे चमकत होते.
"आन् पानी पाजल्यावर?"
पाणी पाजल्यावर काही नाही, म्हटलं.
ती घण टेकून माझ्याकडे बघत राहिली.
"बाळंतिणीला शेक देत्यात का न्हाई?
मग?"

चौथीला शेक दिला.
केकच्या ओव्हनमध्ये, दोनशे अंशांवर, दोनदा,
पात्यावर गव्हाच्या काडीचा रंग येईपर्यंत.
मग पॉलिश पेपर. एकशेवीस, दोनशेवीस,
चारशे, आठशे.
आधीच्या कागदाचे ओरखडे पुढच्यानं आडवे पुसायचे,
त्याचे उभे त्याच्या पुढच्यानं.
रात्री जेवताना बोटं काळी,
साहेबांनी सोमवारी विचारलं, शाई का?
मूठ चिरलेल्या शिसवी लाटण्याची,
पिना जुन्या प्लगच्या, पितळी.

फाट्यावर गेलो तेव्हा पाल सुटत होतं.
तिनं अंगठा धारेवर आडवा फिरवला,
एकदा, पुन्हा एकदा टोकाशी.
"किती दीस?"
अकरा रविवार.
"अवं, ऐकलं का? अकरा!"
नवरा गाठोडं बांधता बांधता हसला.
"आमी दिसाला चौदा कोयतं काढतो.
इकनार हाईस?"
नाही.
"मग कशापायी?"

मला उत्तर आलं नाही.
रेघांबद्दल काहीतरी सांगणार होतो,
जिला रुंदीच नाही, जिच्यावर कुणाचा दावा नाही
अशी एक रेघ करून बघायची होती, असं काही.
तिथं उभं राहून ते बोलवेना.

तिनं टेम्पोला टेकवलेला एक ऊस ओढला
आणि माझ्या सुरीनं सोलायला घेतला.
सालीच्या लांब पट्ट्या पडत गेल्या,
कांड्याशी हात अडला नाही.
एक करवं मला दिलं, एक नातवाला.
सुरी लुगड्याला पुसून परत केली,
म्हणाली, "चालतीया."

घरी येईस्तोवर रसाचा डाग धरला होता,
पात्याच्या मध्यावर, निळसर, नखाएवढा.
आठशेचा कागद कपाटात आहे.
अजून काढला नाही.