एक कप मैदा म्हणजे

गिरणीच्या मागच्या खोलीत,
जिथली भट्टी कधीच पुरती गार होत नाही,
एल्डोरा उन्रू कप भरते आहे.
बाहेर कॅन्सस. नुसती सपाटी.
जणू कुणी सुरीची पाठ फिरवून
क्षितिजाची शीग उतरवून टाकलीय.

पिशवीच्या पाठीवर छापायचा आहे एक आकडा:
एक कप मैदा म्हणजे इतके ग्रॅम.
मंगळवारपर्यंत.
डेल रेगियर दारातूनच सांगतो,
एकच आकडा दे, एल्डोरा,
लोकांना ‘साधारण’ नको असतं.

ती चमच्याने मैदा आधी सैल करते,
अलगद कपात सोडते, काठाबरोबर सुरी ओढते.
एकशे एकवीस.
पुन्हा. एकशे एकवीस.
एकतीस वर्षांचा हात. तो आता बोलत नाही.

मग हार्लनला हाक मारते कोठारातून.
त्याला फावड्याची सवय. कप पोत्यात खुपसतो,
बाहेर काढतो, अंगठ्यानं काठ पुसतो.
एकशे अठ्ठावन्न.
“कप तो कपच ना?” विचारतो,
भुवया पांढऱ्या झालेल्या.

सोकोरो, सुट्टीत काम शिकायला आलेली,
कप भरून ओट्यावर दोनदा आपटते.
तिची आई असंच करते, डॉज सिटीत.
आपटलं की मैदा खाली बसतो,
वर बोटभर जागा होते,
त्या जागेत ती आणखी मैदा घालते.
एकशे एकोणपन्नास.

लबाडी कुणाचीच नाही.
मापात पाप म्हणतात ते वेगळं.

टेबलावर नेब्रास्काहून आलेलं पत्र:
तुमचाच मैदा, तुमच्याच पिशवीवरचा केक,
माझ्या बहिणीचा मऊ व्हायचा.
माझा भुगा होतो. बहीण आता नाही विचारायला.

एल्डोरा उत्तर लिहायला घेते.
बाई, तुमची बहीण मैदा चाळायची का?
खोडते.
ती घाईत असायची का?
खोडते.
शेवटी लिहिते, वजनकाटा घ्या,
आणि ते इतकं कोरडं दिसतं कागदावर
की खाली आणखी एक ओळ जाते:
कपानंच करणार असाल, तर हात हलका ठेवा.

ब्राउन शुगरचं बरं असतं.
ती दाबूनच भरायची, असा नियमच आहे.
पालथी घातली की कपाचा आकार धरून उभी राहते,
दोनशे तेरा, भरणारा कुणीही असो.
मिठाचं मात्र नाव काढू नका.

शनिवारी घरी ती झ्वीबाक करते,
पावावर पाव बसवलेला, आजीच्या गावासारखा.
तिथे कप नाही, काटा नाही,
कणीक मागेल तेवढा मैदा.
हे डेलला माहीत नाही.

मंगळवारी आकडा गेला: एकशे पंचवीस.
तिघांपैकी कुणाच्याच हाताचा नाही.

राहिला मध.
कपभर: तीनशे चाळीस.
भांड्यात ओतला, कप पालथा धरून
ती रेडिओवरचा गव्हाचा भाव संपेपर्यंत थांबली.
भांड्यात: तीनशे एकतीस.
तक्त्यात यातला कोणता लिहायचा?

सोकोरो कपाच्या आतून बोट फिरवते,
चाटते, आणखी एकदा फिरवते.
एल्डोरा कप काट्यावर ठेवते. दोन ग्रॅम अजून चिकटलेले.
“सात तुझ्या पोटात,” म्हणते,
आणि बटण दाबून काटा
पुन्हा शून्यावर आणते.