भाडं दिलेलं नाही

मेसेज बाबांच्या फोनवर आला, माझ्या नाही.
माशाचा कल्ला उघडून दाखवावा
तसा त्यांनी फोन पुढे धरला,
बघ गं, ताजा हाय का यो प्रकार.

घरभाड्याचं उत्पन्न दाखवलेलं नाही.
महिना पंधरा हजार, वर्षं तीन.
घरमालक जनार्दन पदू घरत,
भाडेकरू त्यांचीच मुलगी.
पत्ता सारसोळे गावठाण, वरची खोली,
जिच्या मोरीतला नळ पाच वर्षं ठिबकतोय.

मला बिपिन सावे आठवला.
जुलै महिन्यात हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये
लॅपटॉप उघडून बसायचा,
आमचा अख्खा डायलिसिस विभाग रांगेत.
रिफंडातले दहा टक्के त्याचे, वर एक कटिंग.
बाबांच्या पॅनकार्डाचा फोटो पाठव म्हणाला,
पाठवला.
का, ते विचारलं नाही.
रिफंड आला तेव्हाही विचारलं नाही,
तेव्हा तर मुळीच नाही.

त्याचा फोन आता कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर.

मग शोध.
वाशीत काचेमागच्या मुलाने
मी बसायच्या आधी फी सांगितली.
नेरूळला एक काका म्हणाले,
कशाला उकरून काढता, बाई,
झाकली मूठ.
जुईनगरच्या पाटीवर 'कर सल्लागार'
आणि त्याखाली, त्याच रंगात,
पासपोर्ट, लग्न नोंदणी, झेरॉक्स.

शेवटी ठाण्याला, चरईत,
खानावळीच्या वरच्या मजल्यावर, मृणाल उपळेकर.
सदस्य क्रमांक मी आधीच तपासून गेले होते,
तसं सांगितलंही, जरा ओशाळून.
त्या म्हणाल्या, बरं केलंत.
तेव्हा तपासला असता तर
आज इथे आला नसतात.
खालून फोडणीचा वास येत होता.

तीन वर्षांची विवरणपत्रं त्यांनी टेबलावर पसरली
आणि पेन्सिलीने एकेक ओळ विचारत गेल्या.
ही देणगी?
पक्षाचं नाव मी पहिल्यांदाच वाचत होते.
हे शैक्षणिक कर्ज?
माझं शिक्षण बाबांच्या ओव्हरटाइमवर झालं.
आणि हे भाडं?

मी गप्प.

वडिलांना काहीच देत नव्हता?
बीपीच्या गोळ्या, म्हटलं. गॅस.
रविवारी मिळाला तर जिताडा.

ते भाड्यात धरत नाहीत,
मान वर न करता त्या म्हणाल्या.

कर, त्यावर व्याज, त्यावर जादा कर.
जितकं जुनं वर्ष तितकी टक्केवारी चढती.
आकडा ऐकून मला माझी मशीन आठवली:
चार तास सुई टोचून घेऊन माणूस पडून राहतो,
त्याचंच रक्त बाहेर येतं, धुऊन परत आत जातं,
आणि परवा पुन्हा यायचं असतं.
इथे तीनच फेऱ्या होत्या.
एफडी मोडली.

सही करायच्या आधी त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावलं.
सगळ्यांनाच लावते, म्हणाल्या.
वाचता वाचता एका ओळीपाशी आवाज अडकला,
मी वडिलांना कधीही भाडं दिलेलं नाही.
खरं होतं.
इतकं खरं वाक्य मी त्यांच्याविषयी
कुठल्याच कागदावर लिहिलं नव्हतं.

रात्री घरी सगळं सांगितलं.
बाबा जाळ्याची गाठ सोडवत बसले होते.
किती गेलं, विचारलं. सांगितलं.
बराच वेळ बोटं चालत राहिली.
तुजेकरशी भारा घेनार मी? असं पुटपुटले,
मला नाही, जाळ्याला.

मग एकदम मान वर करून:
भारोत्रीन व्हतीस तं सांगाचा व्हता ना,
नल तरी बदलला असता.

मी वर गेले.
मोरीत टप्. थोडं थांबून, टप्.
बादली सरकवली आणि निजले.