विहिरीत शिरलेली खाडी

श्रावण सरता सरता विहिरीत खाडी शिरली.
एका रात्रीत नाही. आधी डाळ शिजेना,
मग साबणाला फेस येईना,
मग एका सकाळी, पहिल्याच पातेल्यात,
दूध घालताच चहा फाटला
आणि तरीवरची सात गिऱ्हाईकं माझ्याकडे बघू लागली,
जसं काही मीच केलं.

पाऊस जूनमध्ये आला होता, खोटं कशाला बोलू.
आला, चार नारळ पाडले, साकवाची एक फळी नेली
आणि जुलै सरताना कामाला मुंबईला जावं तसा गेला.
फोन नाही, काही नाही.
मघा कोरडी. पूर्वा कोरडी.
गणपती कोरड्या बांधांवरून आले,
आणि व्हाळात घोटाभर पाणी नाही म्हणून
विसर्जनाला डोक्यावरून थेट खाडीवर गेले.
भर भाद्रपदात सड्यावरचं गवत पिवळं.
बुधाजी म्हणायचा, घाटावर कुणाला सांगू नका, हसतील.
त्याचं भात फुलोऱ्यावर. रोज एक दाणा
नखाने फोडून बघायचा. आत दूध नाही.

खारेपाटणहून इनासचा टँकर यायचा, दिवसाआड.
माझ्या वाट्याला दोन हंडे.
एक प्यायला, एक विकायला, असं जैनब म्हणायची,
आणि ते खरंच होतं.
मी पेले लहान घेतले. कुणी बोललं नाही.

मग हस्त लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला
आणि डोंगराच्या बाजूने, समुद्राच्या नाही,
काळं काहीतरी उतरू लागलं.
परतीचा असाच येतो, मागीलदारून,
भांडी आपटत.
"गे, माझी सुंगटां!" जैनब ओरडली.
दोघी चादरीचे कोपरे धरून धावलो.
अर्धी वाचली. अर्धी
अंगणातून पाटात, पाटातून खाडीत निघाली,
आणि ती भिजत मधेच थांबून हसत सुटली:
उन्हात वाळलेली सुंगटं
पोहत घरी चालली होती.

चौथ्या दिवशी, त्याच पावसात,
टँकर घसरत घसरत आला. भरलेला.
"ऑर्डर म्हैनाखेरपर्यंत आसा, बाये.
सय कर, नायतर माझो खाडो."
पागोळ्यांखाली घमेली, पिंपं, पोरांचे डबेसुद्धा भरून वाहत होते.
इनासने रस्त्यावरच नळ सोडला.
पावसात पडणारं ते पाणी
पावसाहून वेगळं दिसत नव्हतं.
तरी मी एक हंडा लावला खाली. सवय.

बुधाजीच्या वरच्या कुणग्यात पेंढाच राहिला,
त्याला आता काही होणार नव्हतं.
खालच्या दोन कुणग्यांतला एक दाणा
त्याने माझ्या बाकावर ठेवून दाबला.
पांढरा थेंब आला.
चहाचे पैसे द्यायला विसरला.

विहिरीने वेळ घेतला.
पाणी हात पोचेल इतकं वर आलं
तरी चव खाडीचीच.
सड्यावर पडलेलं कातळातून झिरपत
आपल्या चालीने येतं, त्याला टँकर नाही लागत, टपाल नाही.
मी पहाटे ओंजळभर तोंडात घेऊन थुंकायचे.
नवव्या दिवशी थुंकले नाही.

पातेलं ठेवलं. साखर, पावडर, ठेचलेलं आलं.
दूध ओतताना हात जरा आखडला.
उकळी वर आली, तांबूस, अखंड.
पलीकडच्या काठावरून कुणीतरी होडीला हाक मारत होतं,
मी वरच्या फळीवरचे जुने पेले काढून
धुवायला घेतले. मोठे.