कोपर

एकतिसाव्या वर्षी मला सांगण्यात आलं
की माझं उजवं कोपर बाहेर जातं.
तेरा वर्षं पगार घेतेय मी या कोपराचा.
बचाव चांगला, रिबाउंड चांगला,
फ्री थ्रो शंभरात अठ्ठावन्न.
शेवटच्या मिनिटाला समोरचा संघ मुद्दाम मलाच फाउल करतो.
त्यांच्या फळ्यावर तसं लिहिलेलं असतं,
मी वाचलंय.

फिजिओ म्हणाले, या वयात हात बदलत नाही.
नव्या कोच मॅडम म्हणाल्या, बदलतो, पण आधी बिघडतो.
दोघांनी मिळून सहा आठवड्यांची सुट्टी दिली.

म्हणून कोल्हापूर.
राजारामपुरीतल्या शाळेचं मैदान, पहाटे साडेपाच,
सिमेंटवर दव, रिंगला जाळी नाही,
त्यामुळे बॉल आत गेला तरी आवाज होत नाही.
पलीकडे पोरं फुटबॉल खेळतात.
हातानं खेळायचा खेळ त्यांना खेळच वाटत नाही.
"आक्का, त्यापेक्षा गोलकीपर व्हा की!"

रोज तीनशे. वहीत लिहिते.
पहिल्या आठवड्यात शंभरात एकेचाळीस.
म्हणजे होतं तेही गेलं.
जुनं मोडलंय, नवं आलेलं नाही,
मधल्या दिवसांत हा हात नेमका कुणाचा असतो?

बॉल परत द्यायला वडील येतात.
उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर,
मशीननं कान नेले, डोळे ठेवले.
ते रिंगकडे बघतच नाहीत.
"दोन सूत बाहेर."
"आता दीड."
गेला का आत, मी ओरडून विचारते.
"ते मला काय विचारतीस? तिथं दिसंल की."

अठराव्या वर्षी संघाच्या होस्टेलवर गेले
तेव्हा मी म्हणायचे, "मी येतो", "मी जेवलो".
खोलीतल्या पुण्याच्या दोघी पोट धरून हसल्या.
मग शिकले. येते. जेवले.
दात घासताना, आरशासमोर, पुन्हा पुन्हा.
वर्षभरात जीभ वळली.
जीभ वळते तर कोपर का नाही,
असं मी स्वतःला समजावते,
आणि लगेच आठवते नागपूरची उपांत्य फेरी,
पंचांनी नसलेला फाउल दिला
आणि माझ्या तोंडून निघालं,
"मी हात लावलोच न्हाई ओ!"
सगळं स्टेडियम वळून बघत होतं.
इतक्या वर्षांचं घासलेलं
एका शिट्टीत उलटलं.

चौथा आठवडा. छप्पन्न. एकसष्ट. परत चौपन्न. सदुसष्ट.
वही बघून मॅडम म्हणतील, सुधारणा.
फिजिओ म्हणतील, रिकाम्या मैदानावर कुणीही सुधारतं.
खरंय त्यांचं. इथं घड्याळ नाही,
कुणी कानाशी शिव्या देत नाही,
फुटबॉलवाले सोडले तर.

काल वडिलांनी नवीन काढलं:
दोनशे झाले की मैदानाला चार फेऱ्या,
आणि धाप लागलेली असतानाच दहा टाकायचे.
"आम्ही जॉब गार झाल्यावर माप घेतो," म्हणाले.
"तुझं उलटं हाय. तुझं तापल्यावरच घ्यायला पाहिजे."

आज धावले. चार फेऱ्या. पोटऱ्या दगड.
पहिला गेला. दुसरा रिंगवर आपटून मागं.
तिसऱ्याला जाणवलं की कोपर कुठं आहे
ते मला कळतंय.
चेंडू सुटायच्या आधी कळतंय.
पूर्वी कळत नव्हतं, एवढंच.
चौथा गेला. पाचवा गेला नाही.

"किती सूत?"
त्यांना ऐकू आलं नाही.
बॉल पोटाशी धरून उभे,
मी खाली बसेन असं वाटलं असावं त्यांना.
पलीकडची पोरंही खेळ थांबवून बघत होती.

द्या की हिकडं, म्हटलं, अजून पाच राहिल्यात.
टाकतो मी.
दमलो न्हाई अजून.