हाडांची वही

मंगळवारी गाढवगाडीतून हाडं येतात.
गादिसे पोत्यावर पसरते, निवडते, वहीत लिहिते:
बैल चार, गाई सहा,
शेळ्यामेंढ्या मोजल्या नाहीत.
मोठ्या उपासाचे पंचावन्न दिवस निम्मीच पोती.
तेव्हा भट्टी दिवसाआड.

भट्टी हुंदेची. त्याला आगीची भीती नाही,
दाराच्या फटीची आहे.
हवा शिरली की हाडं पांढरी पडतात,
शंखासारखी देखणी आणि कुचकामी.
कच्ची राहिली तर पाण्याला वास मारतात.
काळी हवीत. तव्याच्या पाठीसारखी.
हुंदे रात्रभर दारापाशी उकिडवा बसतो
आणि चिखलाने फटी लिंपत राहतो,
एखाद्याचं तोंड बंद ठेवावं तसा.

इथल्या विहिरीचं पाणी नितळ आहे, तोच घात.
रंग नाही, वास नाही.
या खचदरीखालच्या जुन्या ज्वालामुखीचं फ्लोराइड
आधी दातांवर लिहितं, मग गुडघ्यांवर.
गादिसे हसताना तोंडावर हात धरते.
तिच्या आईची पाठ सरळ होत नाही;
आकाश बघायचं तर
तिला आडवं व्हावं लागतं.

मी पाच महिने होते तिथे, नमुने तपासायला.
एका संध्याकाळी गादिसेला माझ्या भाषेतला शब्द सांगितला:
शोषण.
आत ओढून घेणं. माणसं माणसांचं करतात तेही हेच.
पण या काळ्या कणांचं काम वेगळं, अधिशोषण.
गिळायचं नाही, फक्त अंगावर धरायचं.
चमचाभर कणांतले बोळ, बोळांतले बोळ
उलगडून अंथरले तर शाळेचं पटांगण झाकेल,
आणि त्यावर इंचाइंचाला कुणीतरी कुणालातरी धरून.
ती म्हणाली, म्हणजे कडेवर घेतल्यासारखं?
मी एवढी वर्षं शिकवलं,
मला हे सुचलं नव्हतं.

हाजी कदिर फिल्टरचं पाणी पीत नसत.
कुणाची हाडं? गाढवाची? तरसाची?
गादिसेने वही पुढे केली.
त्यांनी ती उलटी धरली, सुलटी केली, परत दिली.
पावसाळा कोरडा गेला त्या वर्षी
ते स्वतःच पोतं घेऊन आले.
मगाला, म्हणाले. माझा तांबडा बैल.
हलाल आहे, मीच कापला, बिस्मिल्ला म्हणून.
उठता येत नव्हतं त्याला.
याचं करा. याचं पाणी मी पिईन.

हुंदेने केलं. दार नीट लिंपलं.
कण काळे आले, चांगले काळे.
पहिल्या दिवशी आकडा बरा होता.
तिसऱ्या दिवशी चढला.
पाचव्या दिवशी नळीतून
विहीर जशीच्या तशी बाहेर आली.
मी तीनदा मोजलं. चूक माझी असती तर बरं झालं असतं.

मगाला अकरा वर्षं तेच पाणी प्यालेला.
त्याची हाडं
आयुष्यभर धरत आली होती.

हे सांगायचं कुणी?
हुंदे चिखलाचे हात धुवायला गेला, आलाच नाही.
गादिसेने सांगितलं. तोंडावर हात न धरता,
तपकिरी दात दिसू देत,
हळू, दोन वाक्यांत:
बाबा, तो भरलेला होता.
त्याच्या कडेवर जागा नव्हती.

हाजी बराच वेळ भट्टीकडे बघत बसले.
मग गुडघ्यावर हात दाबून उठले,
एकदा नाही जमलं, दुसऱ्यांदा उठले,
आणि म्हणाले, मग माझीही नकोत तुम्हाला.
ते हसले की नाही, मला कळलं नाही.
गादिसे हसली.

वहीत तिने लिहिलं: मगाला, एक.
पुढचा रकाना कोरा ठेवला.
मंगळवारी डोंगरावरच्या गावाहून गाडी आली,
झऱ्याचं पाणी प्यालेल्या जनावरांची.
तिसऱ्या आठवड्यात हाजी कदिर
पिवळा डबा घेऊन रांगेत उभे राहिले.
भरल्यावर एक घोट घेतला,
तोंडात खेळवला,
म्हणाले, अळणी आहे,
आणि डबा उचलायला नातीला हाक मारली.