आऊट

शीवच्या पुलाखाली माझं दुकान,
बारा फुटांचं, त्यात सहा फूट फिडेलिस.
काल टेम्पोतून उतरला, सायकल खांद्यावर,
पाचांपैकी चार टप्पे करून.
चौथा हिशेबात नाही.

"माळशेजला गेलो," म्हणाला,
गेलो म्हणजे संपलो.

कॅप्टनसाठी सात बाटल्या
जर्सीत कोंबून पुढे नेल्या त्यानं, दोनदा.
पाठीला गारठा, पोटऱ्यांना आग.
मग धुकं, मग कुणीच नाही,
कठड्यावर एक माकड शेंगा सोलत
त्याच्याकडे बघत राहिलेलं.
माथ्यावर छत्रीतल्या माणसानं घड्याळ दाखवलं.
एक्केचाळीस सेकंद उशीर.
पाठीवरचा नंबर काढून घेतला,
पिना तेवढ्या राहिल्या.

गिऱ्हाइकं विचारतात, मुंबईत राहून
हा घाट चढायला शिकला कुठं?
अँटॉप हिलला, सिलिंडर पोचवताना.
दोन मागे, एक दांडीला,
आणि वर पोचल्यावर बाई म्हणायच्या, उशीर केलास.

मागचं चाक स्टँडला लावतो, फिरवतो.
रिमजवळ खडू धरतो,
घासेल तिथं वाकडं.
डावी तार पाव फेरा कस, उजवी जरा सैल,
नखानं टिचकी मारून आवाज ऐक.
आऊट निघतो. चाकाचा निघतोच.

फिडेलिस स्टुलावर बसून जर्सीतल्या पिना
एकेक काढतोय, माझ्या छऱ्यांच्या डबीत टाकतोय.
"किती झाले?"
नेहमीचे साठ.
तो चिल्लर मोजतो, दोन रुपये कमी.
"उद्या देतो."

पुढचं चाक मी मुद्दामच
खुंटीला टांगून ठेवतो.