मधलं घर

धुरपतआत्या म्हणते, वाकळ कडेनं सुरू करायची
आणि मधल्या घरात संपवायची.
मधलं घर म्हणजे वीतभर चौकोन,
त्यात गेलेल्या माणसाचं कापड.
पणज्याच्या वाकळीत कुणाच्या तरी लुगड्याचा काठ होता,
आज्याच्या वाकळीत पटका.
त्याच्या आधीचं कुणाला आठवत नाही,
चिंध्यांची वंशावळ कोण लिहून ठेवतं.

सेलूच्या समाजमंदिरात फरशी पुसून
आम्ही कापडं अंथरली:
आईची दोन पातळं, माझी शाळेची निळी ओढणी,
एका पडलेल्या उमेदवाराचा कापडी फलक
अक्षरं आत करून.
आणि मधल्या घरासाठी
दादांचा कोट.

लाल. खांद्यावर पिवळे गोंडे,
सातातली पाच बटणं शिल्लक,
पाठीवर बँडचं नाव, त्यातला ब उसवलेला.
लिंबाजी मास्तर, क्लॅरिनेट.
तीस लग्नसराया ह्या कोटात उभे राहिले
दुसऱ्यांच्या मांडवाबाहेर,
परभणीच्या वैशाखात, गळ्यापर्यंत बटणं लावून.
जेवण शेवटच्या पंगतीला,
वरण संपल्यावर.

कात्री लावताना माझा हात थांबला.
आत्या म्हणाली, काप.
त्यो काय आता वाजवायला उठायलाय व्हय?
मग स्वतःच तोंड फिरवून
दोऱ्याला मेण लावत बसली.

आतल्या खिशात निघाली क्लॅरिनेटची पत्ती,
वहीच्या कागदात गुंडाळलेली.
कागदावर हिशोब:
इसार पाचशे, टेम्पो साडेतीनशे, ढोलवाला बाकी.
मी म्हटलं, ही आत शिवू.
"वस्तू शिवत न्हाईत बाई, लेकराला टोचंल.
दाणं घालायचं. उपाशी वाकळ ऊब देत न्हाई."
तिनं ज्वारीचे चार दाणे ठेवले
आणि भाकरीचा एक पापुद्रा.

तेवढ्यात पुण्याहून भावाचा फोन.
वाकळ त्याच्याच मुलीसाठी, अडीच महिन्यांची.
कुठवर आलं, त्यानं विचारलं. मी सांगितलं.
जरा वेळ तो बोललाच नाही.
मग म्हणाला, ताई, तो लाल नको.
इथं लोक येतात-जातात.
आईची एखादी पैठणी बिठणी बघ ना.

पैठणी!
आमच्या घरात पैठणी फक्त दादा सांगायचे,
कुठल्या नवरीची कसल्या रंगाची होती ते.

मी रागावले नाही.
तो वर्गात शिरला की पोरं
गाल फुगवून पोंगा वाजवून दाखवायची.
मला माहीत आहे.
एकाला मीच दगड मारला होता.

आत्यानं काही न बोलता चौकोन उलटा केला.
अस्तर वर आलं, राखाडी, साधं,
घामाच्या पांढऱ्या रेघा असलेलं.
लाल आत गेला, दाण्यांशेजारी.
"ज्याला ठावं त्याला ठावं," एवढंच म्हणाली.
कापड इतकं जाड की दोन सुया मोडल्या,
मग दाभणानं भोकं पाडून दोरा ओवला.
एक टाका वाकडा गेला.
उसवायचा कंटाळा केला दोघींनी.

महिन्यानं पुन्हा फोन.
ताई, पहिल्याच धुण्यात मधून रंग फुटलाय,
गुलाबी, सगळीकडं,
पोरीच्या झबल्यालासुद्धा लागलाय.
मी म्हटलं, कच्चा असेल.

आत्या शेजारी भुईमुगाच्या शेंगा फोडत होती.
कच्चा कशाचा, ती म्हणाली,
त्यो कोट कवा धुतलाच नव्हता.
पुसायचा, उन्हात टाकायचा, पुन्हा अंगात.

भाऊ विचारत होता, काय लावू, जात नाहीये हा.
त्याच्या मागं पोरगी रडत होती,
एकच सूर धरून, मधे न तुटता,
मी मोजत गेले तरी संपेना.
मी म्हटलं, दम बघ तिचा केवढा आहे.
कुणासारखा, तो म्हणाला.
मी फोन आत्याच्या हातात दिला.